टेकडीवर नखं कापून यायचं

झाडं वाढायला वेळ लागतो, किस्से वाढायला लागत नाही. आमच्या टेकडीवरचं सगळ्यांत उंच रोप जेमतेम माझ्या कमरेला लागायचं, तेव्हाच तिथले किस्से माझ्या डोक्यावरून गेले होते. त्यांना कुणी पाणीही घातलं नव्हतं. चार माणसं जमली, थर्मास उघडला, की झालं. मी त्यात नवीन आणि कमी बोलणारी, म्हणून सगळ्यांना वाटायचं की हिचं लक्ष नाही. लक्ष होतं.

टेकडी नाशिकच्या पश्चिमेला, गिरणाऱ्याच्या पुढच्या एका गावाची. माझा नवरा सुधीर आणि त्याच्या रविवारच्या मंडळींनी तिथं रोपं लावली होती. गावानं त्यासाठी चराईबंदीही केली होती, पण अट घालून. पुढच्या उन्हाळ्यात गाव वर येऊन बघणार. रोपं जगलेली दिसली तर बंदी चालू, नाहीतर टेकडी पुन्हा शेळ्यांना मोकळी. अट ठकूबाईंची. गावात सगळ्यांत जास्त शेळ्या त्यांच्याच.

आणि नेमका त्या वर्षी पाऊस गणपतीबरोबरच निघून गेला.

*

मार्गशीर्षात लग्न होऊन मी येवल्याहून गंगापूर रोडला आले. पहिल्याच शनिवारी सुधीर म्हणाला, "उद्या फिरायला जाऊ." मी अबोली साडी नेसले, मॅचिंग सँडल घातल्या. टेकडीच्या पायथ्याशी त्यानं माझ्या हातात पाण्याचे दोन कॅन दिले.

बंडूशेठ टेम्पोतून पिंप उतरवत होते. त्यांचं पंचवटीत पूजेच्या साहित्याचं दुकान. त्यांनी माझा हिरवा चुडा बघितला, कॅन बघितले आणि म्हणाले, "सुध्या, लोक बायकोला माथेरानला नेतात रे."

"हाही डोंगरच आहे," सुधीर म्हणाला.

सँडल मी टेम्पोतच ठेवल्या.

*

वर गेलो तर निम्म्या रोपांनी पानं टाकलेली. पानगळीला अजून अवकाश होता. मंडळींचे चेहरे उतरले. दाते सर मात्र खुशीत होते. सर म्हणजे भूगोलाचे निवृत्त शिक्षक, ही टेकडी त्यांच्याच डोक्यातून निघालेली. त्यांनी तिथंच तास घेतला. झाडातलं पाणी पानांतून उडतं. जमिनीतून मिळेनासं झालं की झाड आधी पानं कमी करतं आणि जीव मुळांत राखून ठेवतं.

"म्हणजे धंदा मंदीत आला की मी गडी कमी करतो तसं," बंडूशेठ म्हणाले.

"तसंच. फक्त झाड त्यांना परत ठेवतं."

बंडूशेठांनी त्या दिवशी उतरेपर्यंत दुकानाचा विषय काढला नाही.

*

बिनपानांचं रोप जिवंत आहे की नाही हे बघायची एक पद्धत असते. नखानं साल जराशी खरवडायची. आत हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी दिसलं तर गेलं. सरांनी ही पद्धत मंडळींना शिकवली आणि पस्तावले.

कारण मग जो तो खरवडायला लागला. पायवाटेच्या तोंडाशी एक आपट्याचं रोप होतं. येणारा पहिलं नख त्याला लावायचा. "आहे, आहे!" म्हणून पुढं जायचा. मागून येणाऱ्याचा पुढच्यावर विश्वास नसायचा. माघ सरता सरता त्याच्या बुंध्यावर साल शोधावी लागत होती.

फाल्गुनात ते मेलं. आजूबाजूची, ज्यांची कुणी चौकशी केली नव्हती ती, तशीच उभी होती. मी हळूच सरांना म्हटलं, "सर, हे तब्येत विचारून विचारूनच गेलं."

सरांनी वाकून त्या उघड्या बुंध्यावरून बोट फिरवलं. मग फर्मान निघालं: यापुढं टेकडीवर नखं कापून यायचं आणि सालीला हात लावायचा नाही. पुढच्या रविवारी बंडूशेठ न्हाव्याकडून दहाही नखं कापून आले आणि बोटं सगळ्यांना दाखवत हिंडले.

*

सुधीरचा एका करंजावर जीव होता. बाकीच्यांना आठवड्यातून एकदा भरपूर पाणी. याला मात्र तो रोज ऑफिसच्या आधी स्कूटर दामटत जाऊन तांब्याभर घालून यायचा. सगळ्या टेकडीवर तो एकच हिरवागार.

मग सुधीर ट्रेनिंगसाठी नागपूरला गेला. परत आला तेव्हा करंज मान टाकून बसलेला. शेजारचे, ज्यांना कुणी विशेष विचारत नव्हतं, ते ठीक. सरांनी सांगितलं, रोज वरच्यावर पाणी मिळालं की मुळं वरच राहतात, त्यांना खाली जायची गरजच पडत नाही. पाणी बंद झालं की मग त्यांना काही सुधरत नाही.

हे मी घरी सासूबाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. एकदा सुधीरकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी आंघोळीला जाताना त्याचा टॉवेल त्याला स्वतः शोधावा लागला.

*

ऊन चढलं तशी माती तापायला लागली. ओल धरायला रोपांच्या बुडाशी पालापाचोळा पसरायचा होता, पण आणणार कुठून? बंडूशेठ म्हणाले, ते माझ्याकडं लागलं. पुढच्या रविवारी टेम्पो भरून पंचवटीतलं निर्माल्य आलं. सुकलेले हार, केळीची पानं, नारळाच्या शेंड्या. आम्ही हारांचे दोरे काढून ते प्रत्येक रोपाभोवती नीट गोल पसरलं.

आठ दिवसांनी गेलो तर तीन-चार रोपांना हळदकुंकू. एकापुढं नारळ फोडलेला. गावातले एक आजोबा चपला काढून टेकडी चढत होते.

"आता शेळ्यांची बिशाद नाही," बंडूशेठ म्हणाले.

ही बातमी ठकूबाईंपर्यंत गेलीच. त्यांनी निरोप धाडला, "देव हाय तर पानं कुठं हायत?"

*

वैशाखात गाव वर आलं. सरपंच, दहा-पंधरा माणसं आणि दोरीला एक काळी शेळी घेऊन ठकूबाई. टेकडीवर नुसत्या काड्या उभ्या. माझ्याच्यानं त्यांच्याकडे बघवेना. सर सकाळपासून पाण्याला शिवले नव्हते. त्यांनी समजावून सांगितलं, ही मेलेली नाहीत, थांबलेली आहेत. पावसापर्यंत धीर धरा, मग बघा.

"पावसात दगडालाबी हिरवं येतं, गुरुजी," ठकूबाई म्हणाल्या. "आता काय हाय ते दावा."

सुधीरचा अंगठा आपसूक जवळच्या काडीकडे गेला.

"सुधीर," सर म्हणाले.

अंगठा मागे आला. तसाही त्याला नख नव्हतं.

सरपंच बंडूशेठांकडे बघायला लागले, बंडूशेठ आपल्या बोटांकडे. ठकूबाई खाली वाकल्या आणि शेळीच्या गळ्यातली दोरी सोडली. "माझी चंद्री वाळकं खात नाय. तिलाच इचारा."

चंद्री निघाली. करंज हुंगला, पुढं गेली. त्याच्या पलीकडचं हुंगलं, पुढं गेली. नारळाची एक शेंडी चघळून टाकून दिली. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला नाही. सुधीरनं कुणाची पर्वा न करता चारचौघांत माझा हात धरला.

चंद्री मागच्या उतारावर गेली, जिथं रोपं लावली होती पण आमचे कॅन कधी पोचलेच नव्हते. आम्ही सगळे तिच्या मागे. तिथं एका काडीपाशी ती थबकली. मान लांब केली. खडकाच्या आडून काहीतरी ओढलं आणि खायला लागली. तिच्या ओठाच्या कडेला तांबूस, कोवळं, बोटाएवढं पान लोंबत होतं. ते गिळून ती शेजारच्या काडीकडे वळली. तिथंही होतं. त्याच्या पुढच्या काडीवरही.

कुणाच्या तोंडून शब्द निघायच्या आत ठकूबाई पदर खोचून उतारावरून धावल्या, शेळीचा कान धरला आणि तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

"व्हय भाईर, मेले! बंदी हाय ना इथं?"