लॅपटॉपला शाल

चहा येऊ द्या, तोवर माझी फजिती ऐकून घ्या. हसा खुशाल. मला मात्र अजून हसू येत नाही.

पारनेर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी मास्तर. पण तालुक्यात माझं नाव आहे ते सूत्रसंचालनासाठी. वाढदिवस असो की दहावा, माईक माझ्याच हातात!

आमच्या शाळेत कविताबाई नावाच्या तरुण शिक्षिका आहेत. रोजचा शेवटचा तास त्यांनी वाचनाला ठेवला होता. परीक्षा नाही, प्रश्न नाहीत, पोरांनी आवडेल ते पुस्तक घेऊन बसायचं. शाळेला कंटाळणारी पोरंसुद्धा त्या तासासाठी थांबायची. विस्तार अधिकारी साहेबांना मात्र तो तास खुपायचा. "त्या वेळात चाचणीचा सराव घ्या. वरून तसं धोरण आलंय!"

धोरण आमच्याकडे वरूनच येतं हो. व्हॉट्सॲपवर येतं आणि खाली 'तात्काळ' लिहिलेलं असतं.

कविताबाईंची एका ऑनलाइन प्रशिक्षणात ग्रेसबाईंशी ओळख झाली होती. ग्रेसबाई कॅरेबियन समुद्रातल्या एका चिमुकल्या देशात शिकवतात. तिथल्या शिक्षकांनी असाच वाचनाचा तास सुरू केला आणि सरकारनं त्यांना बोलावून, विचारून तो देशभर लागू केला म्हणे. मास्तरांना विचारून! मला तर खरंच वाटेना.

"साहेबांनी हे त्यांच्या तोंडून ऐकलं ना सर, तर आपला तास वाचेल," कविताबाई म्हणाल्या.

साहेब ऐकायला कबूल झाले. आपल्याकडची उतरती दुपार म्हणजे तिकडची सकाळ, त्यामुळे ग्रेसबाईंनी त्यांची शाळा भरण्याआधीचा एक तास दिला. आणि सूत्रसंचालन? अहो, मी असताना दुसरं कोण करणार!

ठरल्या वेळी ग्रेसबाई पडद्यावर आल्या. हसऱ्या, हातात कॉफीचा मग. मी माईक घेतला. दीपप्रज्वलन झालं, ईशस्तवन झालं, स्वागतगीत झालं. मग सत्कार. साहेबांचा केला, सरपंचांचा केला. तेवढ्यात माजी सरपंच आत आले. आता त्यांना शाल दिली नाही तर पुढची पाच वर्षं शाळेला त्यांच्या विहिरीचं पाणी कोण देणार? त्यांचा केला, म्हणून शाळा समितीच्या अध्यक्षांचा करावा लागला. आणि प्रत्येक सत्कारमूर्तीला 'दोन शब्द' बोलायला लावले नाहीत तर मी सूत्रसंचालक कसला!

ग्रेसबाईंची कॉफी संपली. त्यांच्या मागे गणवेशातली पोरं दिसायला लागली.

कविताबाई कानाशी आल्या. "सर, त्यांची शाळा भरतेय. बोलू द्या ना त्यांना!"

"दोनच मिनिटं बाई!"

तेवढ्यात सरपंच उठले. "अवो गुर्जी, समद्यांचा सत्कार झाला, आन् पाव्हनीचा ऱ्हायला की! लई लांबून आल्यात."

"आल्या कुठं? त्या तिथंच आहेत."

"आसू द्या की! गावाची रीत हाय."

आता मी 'नको' म्हणायला हवं होतं की नाही? पण शाल दिसली की माझं डोकं चालत नाही. "टाळ्यांच्या गजरात!" मी ओरडलो. सरपंचांनी लॅपटॉपला शाल पांघरली आणि नारळ ठेवला थेट बटणांवर!

कॅमेरा शालीखाली गेला, आवाज बंद पडला. आम्ही टाळ्या वाजवतोय आणि सातासमुद्रापार ती बाई अंधारात बघत बसलीय.

शाल काढली तेव्हा ग्रेसबाई उभ्या होत्या. कविताबाईंनी आवाज सुरू केला. ग्रेसबाई इंग्रजीत एवढंच म्हणाल्या, "माफ करा, माझी मुलं वाट बघताहेत." आणि गेल्या.

"बघा!" साहेब खूश होऊन म्हणाले. "याला म्हणतात शिक्षक. कार्यक्रम सोडला, पण वर्ग नाही सोडला."

"पण साहेब, वाचनाचा तास..." कविताबाई पुढे आल्या.

"त्या तर काहीच बोलल्या नाहीत. मग मी कशाच्या जोरावर परवानगी देऊ?" मग साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "गुरुजी, सूत्रसंचालन मात्र झकास! ही कला मुलांना यायला हवी. चाचणीचा सराव राहू द्या, शेवटच्या तासाला हेच शिकवा."

कविताबाईंनी पोरांची पुस्तकं गोळा करून कपाटात ठेवली. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं हो. मी नंतर साहेबांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले, पण आदेश निघाला होता. तात्काळ.

दुसऱ्या दिवसापासून तो तास माझा. ठरवलं, निदान माझ्यासारखा दुसरा घडू द्यायचा नाही. म्हणून पहिलाच धडा घेतला: सूत्रसंचालकानं कमीत कमी बोलावं.

तेवढं समजावून सांगेपर्यंत शाळा सुटली.