मंडळाचं घंगाळ

माझ्या बायकोच्या मामांनी जगातल्या तांब्याची जेवढी काळजी केली, तेवढी कुठल्या सरकारनेही केली नसेल. झाशीच्या रेल्वे वर्कशॉपातून निवृत्त झालेले हे गृहस्थ गावातल्या खंडेराव गेटापाशी बसून चिली आणि झांबियातल्या खाणींविषयी असे बोलायचे, की तिथे त्यांचे चुलतभाऊ राहतात असं वाटावं. वाकडा खिळा दिसला की सरळ करून खिशात टाकत. लग्नाला गेले की अक्षतांआधी मांडववाल्याच्या तारा तपासत. मानिक चौकात एका वायरमनने तारेचे तुकडे रस्त्यावर टाकले, तेव्हा मामांनी त्याला हटकलं, "भैया, ये तांबा चिली का है. बरतो, फेंको मत." वायरमन म्हणाला, "तो चाचाजी, वायरिंग भी चिलीवालों से करा लो!" मामांनी तुकडे वेचले आणि मला म्हणाले, "पोरगा विनोदी आहे. पण उधळ्या."

त्यांचा सगळा सिद्धांत आमच्या मराठी मंडळाच्या भांड्यांवर उभा होता. झाशीत आपली घरं मोजकी. मुंज असो की लग्न, मोठी तांब्यापितळेची भांडी मंडळाचीच, आणि भांड्यांच्या खोलीची किल्ली मामांकडे. न्यायची, वापरायची, चिंचेने घासून परत द्यायची. "देशांनीही असंच करावं, जावईबापू. एकाची खाण, दुसऱ्याचा कारखाना, तिसऱ्याचा वापर. आणि काम झालं की धातू परत." "अगदी खरं, मामा," मी म्हणायचो. मनापासून म्हणायचो.

मुलाच्या मुंजीला नेलेलं घंगाळ मात्र मी परत केलं नाही. आज देऊ, उद्या देऊ करता करता घराच्या रंगकामात ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढलं. मी स्वतः चढवलं. मंडळाचं आहे हे आठवलं, तोवर गाडी दिसेनाशी झाली होती. मामांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "ते तर केव्हाच पोचवलं." जावई खोटं बोलणार नाही, म्हणजे आपणच कुठेतरी चुकलो, असं धरून मामा घरोघर शोधत फिरले. शेवटी त्यांनी किल्ली मंडळाला देऊन टाकली.

तेव्हा कुठे मी मामांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "भंगारात गेलं ना? म्हणजे वितळलं, कुणाच्या तरी कामी आलं." मी म्हटलं, मंडळात सांगून टाकतो. "नको. तुम्हाला अजून मुलांची लग्नं याच लोकांत करायची आहेत. मी म्हातारा, विसरलो म्हटलं तर खपतं."

आणि मी ते खपू दिलं. मामा जाऊन आता चार वर्षं झाली. मंडळात त्यांचा विषय निघाला की कुणीतरी हळहळतं, "शेवटी शेवटी बिचाऱ्यांना फार विसर पडायचा." मीही मान डोलावतो. शेवटपर्यंत त्यांना सगळं आठवत होतं.