जिजाबाई थूलचा स्पॅनिशचा तास

रोहण्याच्या अंगणवाडीत जिजाबाई थूल बावीस वर्षांपासून मदतनीस होती. वर्षातून एकदा दीक्षाभूमीसाठी नागपूरला जाणं, एवढाच तिचा परमुलूख. स्पॅनिश शिकावं असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं. शिकायचं होतं ते तिच्या पोरीला, मोनालीला.

मोनालीनं शेतकीची पदवी घेतली होती आणि संत्र्याच्या झाडांच्या रोगांवर पुढचं शिकायला तिला स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला जायचं होतं. तिथं संत्री पिकतात हे कळल्यावर जिजाबाईनं फारसे प्रश्न विचारले नाहीत. संत्रं जगवणारी माणसं अगदीच वाईट नसावीत, असा तिचा अंदाज होता. शिष्यवृत्तीही मिळण्यासारखी होती. फक्त शिकवणं स्पॅनिशमध्ये, म्हणून मुलाखतही स्पॅनिशमध्ये.

पुण्याच्या प्रेरणा मॅडम मोनालीला मोबाईलवर भाषा शिकवत. व्याकरणात मोनालीला पैकीच्या पैकी. बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप. मॅडमनी सांगितलं, रोज संध्याकाळी एक तास घरच्यांशी फक्त स्पॅनिश बोल. घरी कोणालाच येत नाही, असं मोनालीनं कळवलं. मग शिकव, असं उत्तर आलं.

मोनालीच्या वडिलांना, लहानूला, त्या दिवसापासून नेमकं त्याच तासाला वावरात काम निघू लागलं. उरली जिजाबाई. ती तुरीच्या शेंगा सोलत समोर बसली.

“‘सोय’ म्हंजे ‘मी हाय’,” मोनाली म्हणाली. “सोय ला माद्रे. मी आई हाय.”

जिजाबाईनं हातातली शेंग सोलून घेतली. “आई म्हंजे सोय. बरोबरच हाय त्याइचं.”

आलूला पटाटा म्हणतात हे मात्र तिला पटलं नाही. “हे तं पुण्यावाल्याइचं बटाटा झालं. तुया मॅडमनं घुसोडलं असन.”

एका संध्याकाळी शेजारच्या विमलाबाई विरजण मागायला आल्या. तास चालू होता आणि घरात विरजण नव्हतं. जिजाबाईनं ‘नाही’ हे स्पॅनिशमध्येच सांगितलं, “नो आय.” विमलाबाई रिकामी वाटी घेऊन परत गेल्या. दुसऱ्या दिवशी जिजाबाईची तब्येत बरी नाही, शब्द धड निघत नाहीत, अशी बातमी अर्ध्या गावात झाली. तिघीजणी भेटून गेल्या.

पुस्तकात हॉटेल, विमानतळ आणि समुद्रकिनारा होता. महिनाभरात जिजाबाई या तिन्ही ठिकाणांना कंटाळली.

“हे काऊन शिकून राह्यलो आपण? मी का समुद्रावर जाऊन राह्यली? मले आपल्या वावरातलं शिकव.”

थूलांच्या वावरात संत्र्याची एकशे चाळीस झाडं होती. डिंक्या रोग लागला, खोडांतून डिंक गळू लागला आणि तीन वर्षांत नव्वद झाडं वाळली. ती जिजाबाई आणि लहानूनं आपल्या हातानं तोडली होती. मोनालीनं आईला झाड शिकवलं, डिंक शिकवला, मेलेलं शिकवलं आणि दीडशेपर्यंत आकडे शिकवले.

मुलाखत एप्रिलमध्ये दुपारी अडीच वाजता ठरली. रोहण्यात नेटचा भरवसा नव्हता, म्हणून मायलेकी वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेत श्रावणमामाकडे गेल्या. कूलरचा आवाज मोबाईलमध्ये जात होता, म्हणून श्रावणमामानं कूलर बंद केला आणि स्वतः बाहेर निंबाखाली जाऊन बसला. जिजाबाई मोबाईलला दिसणार नाही अशी, पदरानं वारा घेत बसली.

पडद्यावर एक म्हातारे प्राध्यापक आले. नावगाव झालं, शिक्षण झालं. मग त्यांनी विचारलं, इथंच का यायचं आहे? या प्रश्नाचं दोन पानी उत्तर मोनालीनं पाठ केलं होतं. त्यातलं पहिलंच वाक्य तिला आठवेना. प्राध्यापकांनी पुन्हा विचारलं. त्यात ‘पोर के’, म्हणजे ‘का’, होतं, ते जिजाबाईनं पकडलं.

“काऊन ते इचारून राह्यला तो,” ती हळूच म्हणाली. “सांग नं, झाडं मेली म्हणून.”

तिथं आणखी कोण आहे, असं प्राध्यापकांनी विचारलं. आता लपण्यात अर्थ नव्हता. जिजाबाई डोक्यावर पदर घेऊन मोबाईलसमोर सरकली.

“सोय ला माद्रे,” तिनं सांगितलं. मग जवळ होते तेवढे शब्द एकेक करून त्यांच्यापुढं ठेवले. झाडं, एकशे चाळीस. नव्वद, मेलेली. डिंक. आणि सरळ त्यांनाच विचारलं, “पोर के?”

प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्याकडेही हा रोग आहे, असं ते म्हणाले. पण तुम्ही खोडाला काय लावलं होतं, पाणी कसं देत होता?

हे जिजाबाईच्या शब्दांपलीकडचं होतं. तिनं मोनालीकडे पाहिलं आणि मोनाली बोलू लागली. बोर्डो मलम, बुंध्याशी साचणारं पाणी, काळी जमीन, कलमं कुठून आणली, सगळं सांगितलं. वीस मिनिटं बोलली. काळ चुकत होते; काही झाडं तर भविष्यकाळात मेली. प्राध्यापक लिहून घेत होते.

फोन बंद झाल्यावर मोनाली म्हणाली, “आई, मधात काऊन बोलली तू?”

“तू बोलत नव्हती म्हणून. कूलर लाव आता.”

नऊ दिवसांनी शिष्यवृत्तीचं पत्र आलं. लहानूनं ते दोनदा पाहिलं. इंग्रजीत असल्यामुळं त्याला वाचता येत नव्हतं, पण खालची सही चांगली आहे, असं तो म्हणाला.

सप्टेंबरात निघायचं ठरलं. विमानात तेवीस किलोचीच बॅग चालत होती. जिजाबाईनं सेविकाबाईंना विचारून अंगणवाडीतला पोरांच्या वजनाचा काटा घेतला, तो पंचवीस किलोपर्यंतच होता. बॅग टांगली तशी सुई टोकाला जाऊन अडकली. तिखट निघालं, मग स्वेटर निघालं. मोनालीनं तुरीची डाळ काढली. जिजाबाईनं ती परत आत घातली आणि एक जाडजूड पुस्तक काढलं.

“ते तिकडं भेटते,” ती म्हणाली.

श्रावणमामाच्या गाडीतून चौघं नागपूरच्या विमानतळावर गेले. तिकिटाशिवाय आत सोडत नव्हते. मोनाली सगळ्यांच्या पाया पडली आणि बॅग ढकलत आत गेली. काचेतून बराच वेळ तिची पाठ दिसली, मग दुसऱ्याच लोकांच्या पाठी दिसू लागल्या.

“गेली?” लहानूनं विचारलं.

“गेली.”

लहानू काचेपासून हलेना. जिजाबाईनं त्याच्या शर्टाची बाही धरली.

“चाला. सकाळपासून उपाशी आहात तुमी.”

बाहेर रस्त्यावर तिघांनी तर्री-पोहे खाल्ले. लहानू म्हणाला, तर्री लय तिखट हाय, आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसले. जिजाबाईनं त्याला पाण्याचा ग्लास दिला आणि पोह्यांची दुसरी प्लेट सांगितली.