अकोल्याहून मोठेबाबांना हुरड्याला नेलं

शुक्रवार, २५ डिसेंबर १९५९. कचेरीला नाताळची सुट्टी. सकाळी अमरावतीहून बडनेरा, तिथून भुसावळकडे जाणाऱ्या पॅसेंजरनं अकोला. थंडी बरीच होती. दुपारी पोचलो. रात्री मोठेबाबांकडे मुक्काम.

हुरड्यासाठी आमच्या भागात कोणाला यायचं असेल तर मार्गशीर्ष-पौषात यावं. ज्वारीचा दाणा तेव्हा दुधाळ असतो. संक्रांतीनंतर तो निबर होतो. मी मात्र हौसेनं निघालो नव्हतो. बाबा कार्तिकात गेले. टोपीखाली डोक्यावरचे केस अजून बोटभरही वाढले नव्हते. जाण्यापूर्वी दोन दिवस ते म्हणाले होते, "यंदाचा हुरडा मोडू नको. दादाले बोलाव, सखारामले बी बोलाव." ऐकायला सोपं होतं, करायला नव्हतं.

दादा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ देवराव, माझे मोठेबाबा. सखाराम इंगळे म्हणजे बाबांचे लहानपणापासूनचे मित्र. त्यांना मी सखारामकाका म्हणतो. छप्पन्न साली त्यांच्या वस्तीनं नागपूरला जाऊन बौद्ध धर्म घेतला. परत आल्यावर मेलेली ढोरं ओढणं, मर्तिकाचा सांगावा गावोगाव नेणं ही कामं त्यांनी सोडली. गावानं त्यांची मजुरी बंद केली. मोठेबाबा गावाच्या बाजूचे. बाबांनी मात्र आमचं नदीकडचं वावर सखारामकाकांना बटईनं दिलं, म्हणजे मेहनत त्यांची आणि पीक अर्धं अर्धं.

त्याच हिवाळ्यात हुरड्याला सगळे जमले. हुरडा ताटात वाढत नाहीत. भाजलेलं गरम कणीस एकानं तळहातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि दाणे दुसऱ्याच्या हातावर टाकायचे. सखारामकाकांनी बाबांच्या हातावर टाकले, मग मोठेबाबांकडे वळले. मोठेबाबांनी हात मागं घेतला. दाणे मातीत पडले. मोठेबाबा उठून गेले आणि पुढच्या उन्हाळ्यात मुलाकडे अकोल्याला राहायला गेले. त्यानंतर हुरड्याला कधी आले नाहीत.

वावर दोघा भावांच्या नावावर आहे. बाबा गेल्यावर शब्द मोठेबाबांचा. तेरवीच्या दिवशी ते लोकांसमोर म्हणाले, "पीक निघालं का सखारामच्या वावराचं पाहू." सगळ्यांनी त्याचा एकच अर्थ घेतला. वावर गेलं तर सखारामकाकांना गावात दुसरं काम मिळणार नव्हतं. गाव सोडावं लागलं असतं.

बडनेऱ्याहून तिसऱ्या वर्गाचं तिकीट दोन रुपयांच्या आत येतं. डब्यात विदर्भ वेगळा हवा की महाराष्ट्रात, यावर मूर्तिजापूरपर्यंत भांडण चाललं होतं. मी टोपी काढली तेव्हा एका म्हाताऱ्यानं माझ्या डोक्याकडे पाहून विचारलं, "कोन गेलं?" मी "बाबा" म्हटलं. भांडणाऱ्यांपैकी एकानं सरकून मला खिडकीजवळ जागा दिली आणि पुन्हा भांडायला लागला.

अकोल्याला स्टेशनबाहेर टांगे असतात. जुन्या शहरात जायचं तर आधी भाडं ठरवून घ्यावं. मोर्णेच्या पुलावर कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागलेली असते, तिच्यामागून टांगा हळूहळूच जातो. पुलाच्या अलीकडे चहा बरा मिळतो. नवे पैसे आले तरी चहावाला दोन आणेच म्हणतो.

मोठेबाबा ओसरीवर बसले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण नजर आली नाही. आता माणूस समोर आला तर सावली तेवढी कळते. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, केस चाचपले आणि "जेव" म्हणाले. हुरड्याचं बोलायला माझी जीभ उचलली नाही.

मोठीआईनं भाकरी आणि तुरीच्या दाण्यांची आमटी वाढली. मी विचारलं, पेपरशिवाय मोठेबाबांचा दिवस कसा जातो? पूर्वी ते पेपर हातात घेतल्याशिवाय चहा पीत नसत. मोठीआई हसायला लागली.

"पेपर वाचाले बाजूच्या खोलीतले वानखडे गुरुजी येतात ना. वरीस झालं. यायले वाटलं, वानखडे म्हन्जे आपल्यातलेच. सोयरिकी काढून रायले होते, कोनत्या गावचे, कोनाचे जवाई. आपल्या कोनाकोनाच्या पोरी बी सुचवल्या त्यायले."

आमच्याकडे वानखडे कुणब्यांतही असतात आणि बौद्धांतही. आडनावावरून काही कळत नाही. लोक गाव विचारतात, आणि तेवढ्यावरून आपल्याला हवं ते ठरवून टाकतात.

"गुरुजीनं सांगितलं नाही?"

"यायनं विचारलं काय? ते बिचारे पोरींचं ऐकून हसत. मंग दसऱ्याले म्हने, दोन दिवस येनं होनार नाई, नागपूरले जातो. हे म्हने, कायले? तवा समजलं. आठ दिवस तोंड फुगवून बसले. तुह्या चुलतभावाले वाचाले लावलं. तो मधल्या मधल्या ओळी गाळते. नवव्या दिवशी सोताच भिंत धरत धरत गुरुजीच्या दारात गेले."

"काय म्हणाले?"

"म्हने, पेपर आला काय."

हे ऐकून थोडा धीर आला. पण माणूस पेपर ऐकतो म्हणून वावर देईलच असं नाही. जेवण झाल्यावर चुलतभाऊ मधूनं मला बाजूला घेतलं. "बाबाले घेऊन जा. कोन चोळून रायला ते सांगूच नको. त्यायले दिसते कुठं?"  तसं केलं तर अडचण सुटत होती. पण बाबांनी बोलावलं होतं ते यासाठी नव्हतं.

शनिवारी सकाळी गुरुजी आले. बारीक अंगाचे, पांढरी टोपी, माझ्याच वयाचे. पहिल्या पानापासून वाचायला लागले.

"ते सोडा," मोठेबाबा म्हणाले. "विदर्भाचं काय झालं?"

"ते दुसऱ्या पानावर आहे. आधी हे ऐका. कूळकायद्याचं आहे."

"म्हन्जे तुमच्या फायद्याचं."

"माझ्या नावावर कुंडीतली तुळसही नाही. मला कसला फायदा?"

मोठेबाबा हसले. गुरुजींनी बातमी पूर्ण वाचली, एक ओळ दोनदा. मग मोठेबाबांनी विचारलं, "बटईवाला उद्या मालक होईन, असंच ना?"

"असं इथं लिहिलेलं नाही. पुन्हा वाचू?"

"राहू द्या. तुमचा बाप कोनाच्या वावरात होता?"

"होता एकाच्या. बटईनंच. छप्पन्नच्या हिवाळ्यात काढून टाकलं. म्हणून तर भाऊ इथं गिरणीत आहे."

"कोनं काढलं?"

"चांगला माणूस होता," गुरुजी म्हणाले. "तुमच्यासारखाच. पेपर वाचणारा."

मोठीआईच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. गुरुजींनी दुसरं पान उघडलं आणि विदर्भाची बातमी वाचायला घेतली. मोठेबाबांनी ती ऐकली की नाही, कोण जाणे. ती संपल्यावर ते माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "वसंता, तू हुरड्याचं बोलाले आला ना?"

"हो."

"कालपासून बसून रायला मुक्यासारका. अगदी बापावर गेला. चोळनार कोन हाय?"

"सखारामकाका."

"हं. गाडी कवा हाय?"

निघताना गुरुजी म्हणाले, "दोन दिवसांचे पेपर जपून ठेवतो."

"सगळं वाचजा. मले नको असलेलं बी. तसंही तुमी सोडत नाई म्हना."

दर्यापूरला अकोल्याहून मोटारही जाते, पण मोठेबाबांना धक्के सोसत नाहीत. म्हणून मूर्तिजापूरला उतरून छोट्या रुळांच्या गाडीनं गेलो. ज्यांना घाई नाही त्यांनी एकदा या गाडीनं जावं. दोन्ही बाजूंना कपाशीची पऱ्हाटी फुटलेली असते आणि मध्ये मध्ये तुरीचे पट्टे. दर्यापूरसाठी बनोसा स्टेशनावर उतरायचं. पाणी सोबत ठेवावं. इकडच्या विहिरींचं पाणी मचूळ आहे, नवख्या माणसाला पिववत नाही.

मोठेबाबा खिडकीशी बसून विचारत होते, "कापूस वेचून झाला काय?" मी बाहेर पाहून सांगत होतो. वावराचं ते बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. बनोस्याहून गावची बंडी सांगून ठेवली होती.

घरी पोचल्यावर दिवस मावळायच्या आत सखारामकाकांकडे गेलो. ते अंगणात पऱ्हाट्यांच्या मोळ्या बांधत होते. माझं ऐकून घेतलं, पण हात थांबवला नाही.

"तुह्या बाबासाठी येतो," ते म्हणाले. "आर बी पाडून देतो, कनसं बी भाजतो. पन देवरावभाऊच्या हातावर टाकनार नाई. एकदा टाकून पाह्यला."

पूर्वी ते मोठेबाबांना मालक म्हणत. आता भाऊ म्हणत होते.

"आणि वावर?"

"वावरासाठी हात पुढं करू काय मी? जाईन तर जाईन. माहा पोरगा म्हनते, अकोल्याले चाला." एवढं बोलून त्यांनी मोळीची गाठ ओढली. ती तीनदा सुटली.

रविवारी सकाळी वावरात धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाशी, खड्डा करून गोवऱ्या पेटवल्या आणि निखाऱ्यांचा आर पाडला. आम्ही तिघं आणि भावकीतले चार-पाच जण होतो. तिळाची चटणी, गूळ आणि दही घरून नेलं होतं. मोठेबाबांना घोंगडीवर बसवलं. सखारामकाका आरासमोर उकिडवे बसले. 

पहिलं कणीस चोळून त्यांनी माझ्या हातावर टाकलं. दुसरं शेजारच्याला. तिसरं त्याच्या पलीकडच्याला. मोठेबाबांची पाळी ओलांडून ते पुन्हा माझ्याकडे आले. माझा हात दाण्यांनी भरला होता. मी ते मोठेबाबांच्या हातावर टाकले असते तर दोघांचीही सुटका झाली असती. मी टाकले नाहीत.

मोठेबाबांनी घोंगडीतून उजवा हात बाहेर काढला आणि पुढं धरला. नेमका आराकडे नाही, थोडा बाजूला.  सखारामकाका त्या हाताकडे पाहत राहिले. कणीस त्यांच्या हातात होतं, त्याची वाफ निघत होती.

"देवरावभाऊ," ते म्हणाले. "मी सखाराम हाय."

"मग कोन असनार? केव्हाचा आवाज ऐकून रायलो तुह्या चोळन्याचा. हात अकडला माहा. टाकतं का नाई?"

सखारामकाकांनी कणीस चोळलं. या हातावरून त्या हातावर घेत फुंकर मारली आणि दाणे टाकले. मोठेबाबांनी ते तोंडात घेतले आणि बराच वेळ चावले.

"कोंडा रायला," ते म्हणाले.

"तीन हिवाळे तुमचा हात नोता. अंदाज चुकला."

भावकीतला एक जण हसला आणि मग सगळेच हसले. मला हसू आलं नाही, पण हातातले दाणे मी आता खाल्ले. 

मग मोठेबाबांनी एक कणीस मागितलं. ते इतकं गरम होतं की त्यांच्या हातातून दोनदा निसटलं. तरी चोळलं. "हात कुठं हाय तुहा?" सखारामकाकांनी आपला तळहात खालून नेऊन टेकवला. काही दाणे मातीत पडले, काही हातात. हातातले त्यांनी खाल्ले.

"कोंडाच हाय निस्ता," सखारामकाका म्हणाले.

"डोये नाई मले. तुले तर होते ना." मग मोठेबाबा म्हणाले, "नदीकडचं वावर उन्हाळ्यात नांगरून ठेवजो. तिकडून कुंद्याचं गवत लई माजलं म्हनते वसंता."

"बटईनं?"

"बटईनंच. पयलेसारकं. आन पंचायतीत तुह्या मानसाले मत देईन असं समजू नको."

"मी मागाले आलोच कवा?"

परत येताना मोठेबाबांनी बंडी चावडीशी थांबवायला सांगितली. तिथं बसलेल्यांनी रामराम केला आणि कोणीतरी वावराचं विचारलंच. मोठेबाबा बंडीतूनच बोलले. "वावर सखारामकडंच रायते. आन यायची मजुरी बंद केली तवा तुमच्यात मी बी होतो. ते बरं नाई केलं आपन."  एक जण तंबाखू मळत होता, तो मळतच राहिला. गाव त्या दिवशी बदललं असं मी म्हणणार नाही. मोठेबाबाही सगळे बदलले नाहीत. गाडीत परतताना कूळकायद्याला त्यांनी पुन्हा दोन शिव्या दिल्या. ही पेपरातली भांडणं मिटतील असं मला वाटत नाही. पण वाचून दाखवायला रोज सकाळी गुरुजी येतात, तोपर्यंत मोठेबाबांना त्यातली माणसं विसरता येणार नाहीत.

सोमवारी त्यांना अकोल्याला सोडलं आणि संध्याकाळी अमरावतीला आलो. कचेरीतून शनिवार आणि सोमवारची रजा घेतली होती. बायको बाळंतपणासाठी चांदूर रेल्वेला माहेरी आहे, त्यामुळे घराला कुलूप होतं. बाबा गेल्यापासून मी खानावळीतच जेवत होतो. घरची शेगडी पेटवली नव्हती.

पिशवीत सखारामकाकांनी दोन कणसं घातलेली निघाली. मी शेगडी पेटवली. एक कणीस भाजलं, चोळलं आणि फुंकर मारली. कोंडा सगळ्या फरशीवर झाला. दाणे उभ्या उभ्याच खाल्ले. मग झाडू घेऊन कोंडा गोळा केला.