पाठमोरी

दुपारच्या खेळाला भुताचा सिनेमा पाहिला. शेवटच्या प्रसंगातसुद्धा भूत दिसलं नाही. एक बाई स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून पोळ्या लाटत होती, एवढंच. संगीत नाही, फक्त लाटताना वाजणाऱ्या तिच्या बांगड्या. कॅमेरा दारातून पुढे सरकत होता, पण इतका हळू की तिची मान अगदी जवळ आल्यावरच ते माझ्या लक्षात आलं. मग बांगड्या थांबल्या.

भूत कुठे आहे म्हणून मी पडद्याचा कोपरान्‌कोपरा शोधत होतो. ते पडद्यावर नव्हतंच. तिच्या मागे, जिथे कॅमेरा होता, तिथे ते होतं. आणि तिथूनच तर मी इतका वेळ तिच्याकडे बघत होतो! दिग्दर्शकाने मला न विचारता मलाच भूत करून टाकलं होतं.

घरी आलो, तर दार नुसतं लोटलेलं. बायको ओट्याशी पाठमोरी उभी राहून पोळ्या लाटत होती. हाक न मारता मी दारातच उभा राहिलो.

बांगड्या थांबल्या.

"कोण आहे?" तिने न वळताच विचारलं.

"मी आहे गं, मी."

"मग बोलत का नाही? अर्धा तास झाला, कुणीतरी मागून माझ्या मानेकडे बघतंय असं वाटतंय."

अर्ध्या तासापूर्वी मी थिएटरात होतो. त्या बाईच्या मानेकडे बघत.