शैलजाताईंनी काढलेली कंपनी

फुकटेपणाचा वास आपल्याला मैलावरून येतो, असं शैलजाताई स्वतःच सांगायच्या, आणि शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळात त्यावर कुणी वाद घालत नसे. भर दुपारी एखादा धडधाकट माणूस कुत्रा फिरवताना दिसला, की त्या गाडी हळू करून शेजारी बसलेल्या नवऱ्याला, रवींद्ररावांना, म्हणायच्या, "हा बघा. अनएम्प्लॉयमेंटचा सरकारी भत्ता घेऊन मजा मारतोय." समोरच्या घरातला दाढीवाला मुलगा दुपारी ड्राइव्हवेमध्ये बास्केटबॉल खेळायचा. त्यालाही त्यांनी याच रांगेत उभं केलं होतं. मग एकदा रवींद्ररावांच्या छातीत कळ आली, इमर्जन्सीत न्यावं लागलं, तर सुई टोचायला तोच पुढे. रात्रपाळीचा नर्स निघाला. शैलजाताईंनी दुसऱ्या दिवशी त्याला डबाभर शिरा नेऊन दिला, पण मत काही बदललं नाही. एक चांगला निघाला म्हणून सगळेच चांगले असतात का, असं त्यांचं म्हणणं.

त्यांना असं म्हणायचा हक्कही होता म्हणा. सांगलीहून एमएस्सी होऊन, लग्न करून त्या इकडे आल्या, आणि हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या काचा तपासत निवृत्त झाल्या. रवींद्ररावांची इंजिनिअरची नोकरी मध्ये एकदा गेली होती. तेव्हा सरकारकडे हात न पसरता ते एका गोदामात खोकी उचलायला गेले. ही गोष्ट शैलजाताई दर गणपतीत नव्या आलेल्या मंडळींना सांगत. रवींद्रराव बाजूला बसून ऐकत आणि शेवटी हळूच म्हणत, "हात पसरला असता तर गुडघे तरी वाचले असते."

मंडळाच्या बायकांना त्यांनी आणखी एक शिकवण दिली होती. खोटं सांगून भत्ता घेणाऱ्यांची आपलं नाव न सांगता तक्रार करता येते, सरकारनं तशी फोनची सोयच केली आहे. "घरचा माणूस असला तरी कळवावं," त्या म्हणत. "त्याशिवाय देश सुधारायचा नाही." कुठला देश, ते त्या सांगत नसत.

आणि मग ऑक्टोबरात त्यांच्या हिमानीचीच नोकरी गेली.

हिमानी त्यांची एकुलती एक. छत्तिशीची, शिकागोत सॉफ्टवेअरमध्ये, रोज गाडीनं स्टेशनवर जाऊन ट्रेन पकडणारी, दोन मैलांवर स्वतःचं टाउनहाउस घेतलेली. कंपनीनं अख्खी टीमच घरी पाठवली. हिमानीनं दुसऱ्याच दिवशी भत्त्यासाठी अर्ज केला आणि जेवायला आल्यावर तसं सांगूनही टाकलं. शैलजाताईंची पोळी तव्यावर करपली.

"आई, हा इन्शुरन्स आहे," हिमानी म्हणाली. "गाडी ठोकली तर क्लेम करतेसच ना? मी रोज जॉब शोधतेय, सगळं रिपोर्ट करतेय. यात लाज कसली?"

शैलजाताईंना ते पटलं. मनातून पूर्ण पटलं. पण पटणं वेगळं आणि कांचनला सांगणं वेगळं. कांचन म्हणजे तीस वर्षांची मैत्रीण, आणि शैलजाताईंच्या शिकवणीची पहिल्या बाकावरची विद्यार्थिनी. तिनं त्याच आठवड्यात फोन करून विचारलं की हिमानीची गाडी हल्ली दिवसभर दारातच कशी दिसते. बरं आहे ना तिला?

"अगं, बरी आहे," शैलजाताई म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य त्यांनी ठरवलं नव्हतं, ते आपोआपच बाहेर आलं. "तिनं स्वतःचं सुरू केलंय. कन्सल्टिंग."

कांचननं विचारलं, कशातलं. शैलजाताई म्हणाल्या की ते सगळं क्लाउडमध्ये असतं, आपल्याला काय कळणार. इथं थांबल्या असत्या तर निभावलं असतं. पण थाप म्हणजे पाहुण्यांसारखी, एकटी येत नाही. पुढच्या आठवड्यात हिमानीला चँडलर नावाच्या दूरच्या गावचा मोठा क्लायंट मिळाला. दिवाळीच्या फराळापर्यंत तिनं हाताखाली दोन माणसं ठेवली. थँक्सगिव्हिंगला कांचननं आपल्या भाच्याची, स्टेट कॉलेजला शिकणाऱ्या अनीशची माहिती पाठवली, तिसरा म्हणून त्याला घ्या अशी गळ घातली, आणि शैलजाताईंनी विचार करून सांगते म्हटलं.

रवींद्ररावांना हे फोनवरचं ऐकून ऐकून सगळं ठाऊक झालं होतं. "बाईसाहेब," ते म्हणाले, "कंपनी जोरात वाढतेय तुमची. शेअर कधी काढताय बाजारात?"

हिमानीला मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यामुळे डिसेंबरात लायब्ररीत कांचनकाकू भेटल्या आणि कामाचं कसं काय चाललंय म्हणाल्या, तेव्हा तिनं साधंसरळ उत्तर दिलं, की काम अजून नाही, पण अनएम्प्लॉयमेंट चालू आहे, त्यामुळे हप्ते तरी भरता येताहेत.

कांचन घरी गेली ती सुन्न होऊन. चँडलरचा क्लायंट आहे, दोन माणसं पगारावर आहेत, आणि वर सरकारी भत्ता? तिनं दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी तिनं शिकवणीप्रमाणे फोन केला.

नाताळ उलटला आणि हिमानीचा भत्ता थांबला. भत्त्याच्या सरकारी ऑफिसातून कळलं, की तुमचा चालता व्यवसाय आहे अशी माहिती आलीय. फोनवर मुलाखत होईल, तोवर पैसे मिळणार नाहीत. माहिती खरी निघाली तर घेतलेलं सगळं दंडासकट परत करावं लागेल, आणि फसवणुकीचा शिक्का बसेल तो वेगळाच. तो शिक्का घेऊन दुसरी नोकरी कोण देणार? हिमानी आईच्या किचनमध्ये येऊन बसली. रडत नव्हती, पण चहाचा कप दोन्ही हातांनी धरून ठेवला होता आणि पीत नव्हती.

शैलजाताई खवळल्या. कुठल्या मेल्यानं केलं हे, माझ्या पोरीच्या पोटावर पाय दिला, त्याचं तळपट होवो. हे चालू असतानाच दाराची बेल वाजली. बर्फातून आलेली कांचन बूट न काढताच आत आली, हिमानीला बघून गडबडली आणि मग धीर करून बोलली.

"शैलजा, मी कळवलं. तूच म्हणाली होतीस ना, घरचा माणूस असला तरी कळवावं. मला हिमानी घरचीच की गं." तिनं हातमोजे काढून टेबलावर ठेवले. "तेव्हापासून घास उतरत नाहीये माझ्या घशाखाली. पण हिमानी, एवढा धंदा चालू असताना तू असं का केलंस?"

"कसला धंदा?" हिमानी म्हणाली.

रवींद्ररावांनी पेपर तोंडासमोर धरला. आपलेच दात, आपलेच ओठ. शैलजाताई ओरडणार तरी कुणावर? त्यांनी ओट्याकडे बघत बघत सगळं सांगितलं: कन्सल्टिंग, क्लाउड, चँडलर, दोन माणसं. कांचन खुर्चीत बसली. थोड्या वेळानं तिनं एवढंच विचारलं, की मग अनीशला काय कळवू?

हिमानी हसेल असं शैलजाताईंना वाटलं होतं. ती हसली नाही.

"आई, मला लाज नव्हती वाटत," ती म्हणाली. "तुला वाटत होती. आणि भरतेय मी."

हे वाक्य शैलजाताईंना जेवढं लागलं, तेवढं आयुष्यात दुसरं लागलं नसेल.

मुलाखतीच्या दिवशी त्यांनी फोनवर बोलायचं असूनही चांगला स्वेटर घातला, कानात मोत्यांच्या कुड्या घातल्या आणि हिमानीशेजारी ताठ बसल्या. हिमानीचं बोलून झाल्यावर ऑफिसातल्या बाईंनी शैलजाताईंना घेतलं. कंपनीचं नाव काय? नाव अजून ठेवलं नव्हतं. माणसं किती? दोन, पण ती नाहीत. आणि क्लायंट? तो चँडलरला आहे, म्हणजे नाही. पलीकडे टायपिंग थांबलं. हे सगळं तुम्ही का सांगितलंत, असं बाईंनी विचारलं, तेव्हा शैलजाताईंनी एक दीर्घ श्वास घेऊन आपल्या इंग्रजीत सांगितलं, की माझी मुलगी खरं बोलते, मी तिची आई आहे, आमच्यात बेकार मुलगी असणं कठीण जातं.

"मॅडम, माझी आई चर्चमध्ये सांगते की मी जज आहे," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा टाइप करायला लागल्या. मग कांचननंही फोन करून आपलं म्हणणं मागे घेतलं. भत्ता सुरू होईल असं ऑफिसातल्या बाईंनी कळवलं, पण नवीन तक्रार आली तर पुन्हा थांबवावा लागेल, हेही सांगून ठेवलं.

खरी पंचाईत तर पुढेच होती. ही कंपनी एकट्या कांचनला माहीत होती थोडीच? मंडळातल्या निम्म्या बायकांना होती, आणि त्या सगळ्या शैलजाताईंच्याच हाताखाली तयार झालेल्या. हिमानीनं सांगितलं, "आई, प्रत्येकीला तू सांगायचंस. आणि मी तिथे असताना."

संक्रांतीचं हळदीकुंकू मंडळातल्या शोभाच्या बेसमेंटमध्ये होतं. बाहेर गुडघाभर बर्फ, आत काळ्या साड्या आणि तिळाच्या वड्या. शैलजाताईंनी घरून येताना तीन वेळा बोलायची तयारी केली आणि तिन्ही वेळा पहिल्याच वाक्याला अडल्या. शेवटी नाव घ्यायची वेळ आली. ज्येष्ठ म्हणून आधी त्यांनाच आग्रह झाला. हिमानी भिंतीला टेकून उभी होती, हाताची घडी घालून. शैलजाताई उठल्या, पदर सावरला, घसा खाकरला.

"तिळात मिसळला गूळ, गुळात वेलची ताजी,
रवींद्ररावांची लेक घरी बसलीय, कंपनीची थाप होती माझी."

आधी सवयीनं टाळ्या पडल्या, मग त्या एकेक करून थांबल्या. मग शैलजाताईंनी साध्या भाषेत सांगितलं. नोकरी ऑक्टोबरात गेली. भत्ता तिच्या हक्काचा आहे, ती रोज काम शोधते आणि सगळं खरंखुरं कळवते. खोटं बोलले ती मी. ज्यांना फोन करायचा असेल त्यांनी माझं नाव सांगून करावा.

त्या खाली बसल्या आणि कीव करणाऱ्या नजरांची वाट बघू लागल्या. पण नजरा त्यांच्याकडे नव्हत्याच. सगळ्या हिमानीकडे वळल्या होत्या, आणि त्यांत कीव नव्हती, हिशेब होता. शोभाला गुरुवारी विमानतळावर सासूबाईंना आणायला कुणीतरी हवंच होतं. दुसरीच्या आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. दिवसा मोकळी असलेली, गाडी चालवणारी, मराठी बोलणारी मुलगी या गावात सोन्याहून दुर्मीळ. ज्या भत्त्याची आईनं एवढी धास्ती घेतली होती, त्याबद्दल एकीनंही अवाक्षर काढलं नाही. हिमानीच्या हातांची घडी सुटली, आणि तिच्या ओठांचा कोपरा, बऱ्याच दिवसांनी, थोडा वर गेला.

मराठी शाळा चालवणारी कादंबरी नावाची तरुण मुलगी सगळ्यांत चलाख. तिनं हिमानीला बाजूला घेतलं, रविवारच्या वर्गाला येशील का विचारलं, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "फुकट नाही गं, पाकिटात घालून काहीतरी देऊ. कुणाला कळणार आहे?"

शैलजाताई खोलीच्या दुसऱ्या टोकाला होत्या. पण कान अजून शाबूत होते.

"कादंबरी," त्या तिथूनच म्हणाल्या, "पैसे द्यायचे तर उघड दे. तिला ते कळवावे लागतात. आणि तिनं नाही कळवले, तर मीच फोन करीन."

कांचननं शेजारून गंभीरपणे मान डोलावली. हिमानी हसली. पण खोलीतल्या एकीलाही ही थट्टा वाटली नाही.