आत्याबाईंचे मार्क

नागपूरच्या डॉक्टरांनी माझ्या सासूबाईंना शंभरपैकी सत्तर मार्क दिले. त्या जन्मात शाळेत गेल्या नव्हत्या, पण त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, मास्तर होता. त्यामुळे मार्क हे प्रकरण त्यांना ठाऊक होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांनी मला विचारलं, "म्हंजे पास ना वं मी?"

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन मी अनसिंगला आले त्याला फार दिवस झाले नव्हते. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांच्या उजव्या छातीत गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं, ती छाती काढली, आणि मग रोज मशीनखाली निजवून शेक द्यायला सुरुवात झाली. शेक हा आमचा शब्द. डॉक्टर त्याला काहीतरी लांबलचक म्हणत. पण शेकानं दुखणं जातं हे आमच्याकडे कोणालाही पटतं, म्हणून आम्ही आमचाच शब्द ठेवला.

मार्क देणारा डॉक्टर तरुण होता आणि मनानं फार चांगला होता. त्याचं म्हणणं असं, की गाठीचं माप सगळेच घेतात, पण बाई जगते कशी याचं माप कोणी घेत नाही. ते तो घ्यायचा. जेवण जातं का, झोप लागते का, आंघोळ आपली आपण करता का, हात किती वर जातो. शेवटी त्यानं विचारलं, "मन रमतं का?"

"कोनासंग?" आत्याबाई म्हणाल्या.

त्यांना खरंच विचारायचं होतं. डॉक्टरांना ते उत्तर वाटलं, आणि ते पुढच्या बाईकडे वळले.

अर्धे शेक झाल्यावर कातडी भाजून निघाली, तेव्हा पंधरा दिवस घरी जाऊन या म्हणाले. मला बाजूला घेऊन बजावलं, की उरलेले शेक चुकवू नका, नाहीतर झालेलंही पाण्यात जाईल. आणि हात आखडू नये म्हणून रोज भिंतीपाशी उभं राहून बोटं वर वर चालवत न्यायची. मी मान डोलावली. भिंतीची आमच्याकडे काय कमी होती?

आता भिंतीचं सांगते. आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या घरामागे एक लांब भिंत होती. कोणाच्या पडलेल्या गोठ्याची. गोठा गेला, मालक गेला, भिंत राहिली. दिवसभर ऊन खायची, म्हणून गवऱ्या तिच्यावर झकास वाळायच्या. मधे एक दगड बाहेर आलेला होता. दगडाच्या अलीकडे आमच्या गवऱ्या, पलीकडे काकूंच्या. आणि दगडाच्या भोवतीची वीतभर जागा, तिच्यापायी आत्याबाई आणि काकू माझ्या लग्नाच्या आधीपासून भांडत होत्या. सकाळी धार काढून झाली की सुरू. आधी गवरी, मग म्हैस, मग एकमेकींचं माहेर. काकूंचं माहेर शेलूबाजारचं, त्यामुळे शेलूबाजारचे व्यापारी कसे मापात मारतात हे मला तिथं पाऊल न टाकता पाठ झालं होतं. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात मी घाबरून नवऱ्याला उठवलं होतं. तो कूस बदलून म्हणाला, "काई नाई, सकाय झाली."

नियम एकच होता. बाळंतिणीशी आणि आजारी माणसाशी भांडायचं नाही.

आम्ही नागपूरहून परतलो आणि दुसऱ्या दिवशी आत्याबाई मागे गेल्या. भिंत रिकामी होती. काकूंनी आपल्या साऱ्या गवऱ्या काढून अंगणात जमिनीवर घातल्या होत्या. काकू डोक्यावर पदर घेऊन मऊ आवाजात म्हणाल्या, "सारी भिंत तुहीच वं बाई. थाप कितीक थापायच्या त्या."

आत्याबाई आत आल्या आणि खाटेवर बसल्या. "तिनं भिंत सोडली," मला म्हणाल्या. डॉक्टरांनी गाठ कॅन्सरची आहे असं सांगितलं तेव्हाही त्यांचा चेहरा इतका पडला नव्हता.

तरी त्या लढवय्या होत्या. दुसऱ्या दिवशी डाव्या हातानं दगडाच्या पलीकडे चार गवऱ्या थापून आल्या. काकू म्हणाल्या, "छान थापल्या." त्याच्या पुढच्या दिवशी पाण्याची बादली काकूंच्या दारात ओतली. काकूंनी खराटा आणून पाणी वाटेला लावलं. शेवटी आत्याबाई शेलूबाजारवर गेल्या. काकूंच्या बापाच्या तराजूबद्दल असं काही बोलल्या, की मी कानावर हात ठेवले. काकू हसल्या आणि वाटीभर शिरा घेऊन आल्या.

गावही तसंच वागत होतं. जी ती बाई येऊन गोड बोलून जायची. कोणी उलट उत्तर देईना. मला मेलीला बरंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू. माझ्या भाकरीला कोणी नावं ठेवत नव्हतं. पण मग एका संध्याकाळी आत्याबाईंनी जाहीर केलं, "मी नागपूरले येत नाई."

"काहून?"

"साऱ्यायनं मले जितेपनीच मसनात पोचवून देल्लं. आता शेक कायले पायजे? आजारी हाय म्हनून कोनी भांडत नाई, ते काय जगनं हाय?"

मुलानं समजावलं. सरपंचानं समजावलं. दोघंही गोड बोलले, आणि त्यानं आणखीच बिघडलं. भिंतीवर बोटं चालवायचंही त्यांनी सोडलं. हात खांद्याच्या वर जात नव्हता. बस दोन दिवसांवर आली, आणि मला भीती वाटू लागली. खरी भीती. ही बाई माझ्यादेखत, शिरा खात खात मरणार होती.

मी काकूंकडे गेले. "काकू, तुमी आत्याबाईसंग भांडा."

"आजारी बाईसंग? मले पाप लावतं का?"

"तुमी गोड बोलता म्हनून त्या शेक घेत नाईत. नाई भांडल्या तर त्याचं पाप लागन."

काकूंनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग पदरानं नाक पुसून म्हणाल्या, "मले तरी कुठं करमते वं, पोरी."

बसच्या दिवशी सकाळी त्या भिंतीपाशी आल्या आणि शाळेतल्या पोरानं कविता म्हणावी तशा म्हणाल्या, "ही जागा माही हाय. तू माह्या जागेवर गवऱ्या काहून थापल्या?"

आत्याबाई दारात आल्या. नीट ऐकून घेतलं. "कोनं शिकवलं तुले हे?" म्हणाल्या. "असं भांडतेत का? आवाज तरी काढ."

काकूंचा खेळ तिथंच आटोपला. मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात आत्याबाईंना काय आठवलं कोण जाणे. "आन मी नागपूरले होती तवा माही म्हैस कोन पिऊन राह्यलं होतं?"

हे मात्र काकूंना लागलं. आम्ही नसताना त्यांनीच म्हैस सांभाळली होती, धार काढून दूध माझ्या नवऱ्याला नेऊन दिलं होतं, आणि लाथाही खाल्ल्या होत्या.

"मी पेली? मी दूध पेली तुह्या म्हशीचं?" काकूंचा पदर डोक्यावरून खाली आला. "ते सांड म्हैस तुह्यावानीच लाथा मारते. हा पाय पाह्य माहा, अजून सुजेल हाय. मेली असती तर बरं झालं असतं."

"कोन, म्हैस का मी?"

"दोघीबी."

गल्लीतल्या बाया दारात आल्या. एवढं अभद्र बोलणं गेल्या कित्येक दिवसांत कोणी केलं नव्हतं. आणि आत्याबाईंचा चेहरा असा फुलला, की मला रडू आलं. त्या पायऱ्या उतरल्या, भिंतीपाशी गेल्या, आणि दगडाच्या वर, भिंतीच्या माथ्याकडे बोट दाखवून ओरडल्या, "तिथपर्यंत माही हाय भिंत. पार तिथपर्यंत."

ते बोट उजव्या हाताचं होतं. हात खांद्याच्या वर गेला, कानाच्या वर गेला, आणि तिथंच राहिला. त्यांना पत्ता नव्हता. काकूंनी बघितलं. त्यांचे डोळे भरले. मग त्या दुप्पट आवाजात म्हणाल्या, "हात खाली कर. मले हात दाखवते."

अकराच्या बसनं आम्ही निघालो. वाशीम येईपर्यंत आत्याबाई मनातल्या मनात राहून गेलेली उत्तरं जुळवत होत्या. मधेच एखादं मला ऐकवायच्या.

नागपूरला त्या डॉक्टरांनी पुन्हा माप घेतलं. या वेळी त्यांनी नवीन प्रश्न घातला होता. "घरी, शेजारी, सगळे नीट वागतात ना?"

"नाई," आत्याबाई अभिमानानं म्हणाल्या. "शेजारीन लय वाईट हाय."

"भांडणं होतात?"

"आता होतेत."

डॉक्टरांनी माझ्याकडे, सुनेकडे, जरा संशयानं पाहिलं. मग हात वर करायला सांगितलं. आत्याबाईंनी खांद्यापर्यंत उचलला आणि खाली घेतला. "अजून वर?" डॉक्टरांनी विचारलं. "इथं वर हाय काय?" आत्याबाई म्हणाल्या.

व्हरांड्यात त्यांनी मला विचारलं, "किती देल्ले?"

"साठ. दहा कमी झाले."

"पोरगा चांगला हाय," म्हणाल्या, "पन त्याले तपासता येत नाई." मग पदर खोचला. "जाय, शेकाचा नंबर लाव पयले. मले लवकर घरी जायचं हाय. नाईतर ते सारी भिंत खाऊन टाकन."